ठाकुर्ली राहिलं

तोंडावर मी तिला ‘सिस्टर, तुम्ही’ म्हणायचे. मनात मात्र एकेरी. इथेही मनातलंच चालवते, कारण तिच्याबद्दल जे सांगायचंय ते बरंचसं मनातच घडलेलं आहे. मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजूनही वाटतो. ती आता रिटायर होऊन कोपरीच्या घरी मांजरीला मांडीवर घेऊन बसते आणि मी इकडे जळते.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या कडेला आमचं खाजगी हॉस्पिटल. मी ऑपरेशन थिएटरची इनचार्ज. ती इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर, म्हणजे बरा व्हायला आलेला पेशंट हॉस्पिटलातूनच नवं दुखणं घेऊन जाऊ नये, हे बघणं तिचं काम. तिचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला हातवाल्या सिस्टर म्हणायचे.

कारण ‘गुड मॉर्निंग’ हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. समोर कुणी आलं की ती भुवया उंचावून एवढंच विचारायची, “हात?” की समोरच्यानं दोन्ही तळवे पुढे करायचे. शाळेत सोमवारी नखं तपासतात तसे. मावशी असो, मामा असो, मोठा सर्जन असो. घड्याळ, अंगठी, बांगडी, नेलपॉलिश यातलं काही दिसलं तर ती ओरडायची नाही. नुसती बघत राहायची, ती वस्तू निघून खिशात जाईपर्यंत. साखरपुडा झालेल्या किती मुलींच्या अंगठ्या तिच्या त्या बघण्यानं गळ्यातल्या साखळीत ओवल्या गेल्या असतील, देव जाणे. हॉस्पिटलबाहेरही तिचं तेच. नळ कोपरानं बंद करायची, लिफ्टचं बटण घराच्या किल्लीनं दाबायची, दुकानाचं काचेचं दार कमरेनं ढकलायची. कॅन्टीनमध्ये वडापाव कागदात धरून असा खायची की बोटांना तेलाचा ठिपका लागत नसे. मला तेही जमलेलं नाही.

हात धुवायचे नीट टप्पे असतात. बेसिनवर त्याचा रंगीत तक्ता लावलेला असतो आणि त्याच्याकडे कुणीही बघत नाही. कोविडमध्ये सगळे बघायचे, घरी जाऊन शेजाऱ्यांनाही शिकवायचे. भीती ओसरली तसे पुन्हा बोटांवर पाणी उडवून मोकळे व्हायला लागले. तेव्हा हिनं तक्त्याच्या शेजारी एक कागद चिकटवला आणि त्यावर लोकलची स्टेशनं लिहिली. पाणी आणि साबण म्हणजे ठाणं. कळव्याला तळव्यावर तळवा. मुंब्र्याला हातांच्या पाठी. दिव्याला बोटांच्या बेचक्या. कोपरला पेरांची मागची बाजू, डोंबिवलीला अंगठे, ठाकुर्लीला नखं आणि कल्याणला मनगट. उतरा.

निम्मा स्टाफ कल्याण-डोंबिवलीचा, त्यांना ही लाइन झोपेतसुद्धा पाठ. आठवड्याभरात बेसिनपाशी उभं राहून डॉक्टरमंडळी पुटपुटायला लागली. कुणी घाई केली की ही म्हणायची, “सर, तुम्ही फास्ट पकडलीत. ठाण्यावरून थेट डोंबिवली.” आणि सर हसून पुन्हा कळव्यापासून सुरू करायचे. हेच सर! मी थिएटरच्या दारात ‘सर, स्क्रब नीट झाला ना?’ एवढं विचारलं तर म्हणायचे, “सिस्टर, मला शिकवू नका.” मी एकदा तिला खोचकपणे सांगितलं की थिएटरमध्ये आम्ही कोपराच्या वरपर्यंत धुतो, तुमच्या लाइनीत आम्ही बसत नाही. ती शांतपणे म्हणाली, “तुमची गाडी कर्जतपर्यंत जाते, इनचार्ज.” दुसऱ्या दिवशी थिएटरच्या सिंकवर कुणीतरी खडूनं ‘कर्जत’ लिहून ठेवलं होतं.

आता माझी बाजू ऐका. थिएटर सांभाळणं म्हणजे काय असतं? प्रत्येक अवजार धुऊन, पुसून, कपड्यात बांधून वाफेच्या भट्टीतून काढायचं. बांधलेल्या गठ्ठ्यावरची पट्टी पुरेशी वाफ लागून काळी पडली की नाही बघायचं. जरा शंका आली की सगळं परत. हे मी वर्षानुवर्षं केलं. माझ्या थिएटरमधून गेलेल्या पेशंटची जखम चिघळली असं क्वचित ऐकू यायचं. पण जे घडलंच नाही त्याची गोष्ट कोण सांगणार? गोष्टी तिच्या. कॅन्टीनमध्ये तिच्या नकला व्हायच्या. मला कुणी नकलेच्याही लायकीचं समजलं नाही.

एकदा एक नगरसेवक कार्यकर्त्यांचा लवाजमा आणि मोठा पुष्पगुच्छ घेऊन आयसीयूत शिरायला निघाला. ही दारात आडवी. “हात?” त्याला वाटलं, बाई हात मिळवतायत. त्यानं ऐटीत हात पुढे केला, हिनं त्यावर सॅनिटायझरची धार सोडली. “चोळा. कळवा, मुंब्रा, दिवा. आणि फुलं बाहेर, फुलांच्या पाण्यात फार जीवजंतू राहतात.” मागचे कार्यकर्ते गंभीर चेहऱ्यानं हात चोळायला लागले. मी मनात म्हटलं, आता गेली बाई हिची नोकरी. कसली जातेय! संध्याकाळी त्यानं हात चोळतानाचा फोटो स्वतःच सगळीकडे टाकला. डायरेक्टर खूश. तेच मी केलं असतं तर मेमो आला असता, हे मी लिहून देते.

तिच्याकडे एक निळा प्रकाश पडणारी बॅटरी होती आणि एक पारदर्शक जेल. ते जेल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्या निळ्या प्रकाशात चमकतं. ही संध्याकाळी गुपचूप पलंगाच्या कठड्यांना, बेलच्या बटणांना, नळाच्या मुठींना जेलचे ठिपके लावायची. सकाळी सफाई झाली की बॅटरी घेऊन फेरी. जिथे चमकलं तिथे फडकं फिरलेलंच नाही, हे उघड. तिथे ती लाल टिकली चिकटवून पुढे जायची. मानांकनाच्या तपासणीची मंडळी येणार होती तेव्हा डायरेक्टर तिला म्हणाले, तेवढ्या दिवसापुरत्या टिकल्या काढा. ही म्हणाली, “सर, बॅटरीनं जे दाखवलं ते मी बघितलंय. आता न बघितल्यासारखं कसं करू?” टिकल्या राहिल्या. तपासणीवाल्यांनी त्याच टिकल्यांचं कौतुक केलं, असं प्रामाणिक हॉस्पिटल बघितलं नाही म्हणाले. माझ्या थिएटरला एकही टिकली नव्हती. तिथे त्यांनी दारातून डोकावलं आणि पुढे गेले.

हे सगळं मी गिळलं असतं. नोकरीत असं चालायचंच. पण तिनं माझी मुलगी नेली.

स्नेहल माझी एकुलती एक. नर्सिंगला मीच घातलं आणि आमच्याच हॉस्पिटलात मीच चिकटवलं. मनात होतं की थिएटरमध्ये माझ्या हाताखाली तयार होईल. तिला दिलं आयसीयू, आणि नव्या मुलींचं शिक्षण हातवाल्या सिस्टरकडे. महिनाभरात आमच्या घरात चौथं माणूस राहायला आलं. “आई, सिस्टर म्हणतात मोबाईल म्हणजे फाटका ग्लोव्ह.” “आई, सिस्टर असं फडकं वापरत नाहीत.” “आई, सिस्टरांना विचारते आणि मग सांगते.” एकदा मी ताटं घेत होते, तर ही पोर ओट्याशी उभी राहून भुवया उंचावून मला विचारते, “हात?” आणि माझे तळवे उलटेपालटे करून म्हणते, “ठाकुर्ली राहिलं बघ तुझं.” जिचा शेंबूड या हातांनी पुसला, ती मला नखं धुवायला शिकवणार! नवरा हसला. मी ताट आपटलं. स्नेहल म्हणाली, “अगं, गंमत केली.” मला ती गंमत वाटली नाही, कारण भुवया स्नेहलच्या होत्या आणि उंचावणं त्या बाईचं.

आम्ही घोडबंदर रोडचे आगरी. गाव आता टॉवरांच्या मधोमध अडकलंय, पण हळद म्हटली की गाव गावच असतं. पुतण्याची हळद होती. मी काकी, मागे कशी राहणार? परातीतून ओंजळी भरभरून लावली, अर्धा दिवस हात पिवळे. सकाळी ड्युटीवर जाताना घासघासून धुतले. नेमका त्याच दिवशी नव्या मुलींचा क्लास होता. ही सगळ्यांच्या हाताला जेल लावायची, धुवायला पाठवायची आणि स्टोअररूममध्ये अंधार करून निळ्या बॅटरीखाली हात बघायची. मी दारावरून जात होते. “इनचार्ज, या ना तुम्हीही. मुलींना दिसू दे, अनुभवी हात कसे असतात.” मला बरं वाटलं, खरंच सांगते. मी आत गेले, ऐटीत हात धरले.

माझी दहाही नखं चमकली. पिवळीजर्द, जेल लावल्यासारखीच.

“ठाकुर्ली राहिलं, इनचार्ज.”

मुली खुदकल्या. मी म्हटलं, “जेल नाहीये ते. हळद आहे. घरी कार्य होतं.” आणि वर, का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, “हळद जंतुनाशक असते!”

“मग उद्यापासून थिएटरमध्ये फोडणीच घाला,” ती म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या. सगळ्यात मोठ्यानं स्नेहल.

मुली गेल्यावर तिनं मला थांबवलं. खालच्या आवाजात म्हणाली, “हळद आहे हे मला लगेच कळलं होतं. पण जिथे हळद राहते तिथे दुसरंही काही राहू शकतं. आज ऑपरेशनला स्क्रब होऊ नका.” वादच नव्हता, तिचं बरोबर होतं. ती चुकली असती तर मी तिला तेव्हाच माफ केलं असतं.

त्या दिवसापासून मी हळदीला हात लावणं सोडलं. स्वयंपाकात चमच्यानं. हळदीकुंकवाला गेले तर हात पाठीमागे आणि कपाळ पुढे. बायका म्हणायच्या, हिला कसला शिष्टपणा आलाय. पण ती निळी बॅटरी माझ्या नखांवर पुन्हा पडायला नको होती, आणि स्नेहलसमोर तर मुळीच नको.

मग स्नेहलचं लग्न ठरलं. मुलगा डोंबिवलीचा, चांगला. पहिली पत्रिका देवाला, दुसरी कुलदेवीला आणि तिसरी कुणाला? स्नेहल म्हणाली, “सिस्टरांना. आपण घरी जाऊन देऊ.” गेलो कोपरीला. माझा आपला अंदाज होता की घर म्हणजे दुसरं थिएटर असणार, फिनेलचा वास, दारात पाय धुवायला बादली. आणि बघते तर काय! पंख्याच्या पात्यांवर धुळीचे थर. खुर्चीवर धुवायचे का धुतलेले कळेनात अशा कपड्यांचा ढीग. ओट्यावर एक लठ्ठ मांजर बसलेलं, आणि बाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवून त्याच हातानं आम्हाला बिस्किटं देतायत. मला आतून उकळ्या फुटल्या. सापडली! मी मुद्दाम पंख्याकडे बघत राहिले.

तिच्या ते लक्षात आलं. “घरी पेशंट नाही ना कुणी,” ती म्हणाली. “हात धुवायचे ते दुसऱ्यासाठी, इनचार्ज. उगाच धूत बसणं हा वेगळा आजार.”

मी विचारलं, “तुम्हाला हे एवढं वेड लागलं कशानं?” हॉस्पिटलात बोलवा होती की तिचं कुणीतरी जवळचं जखम सडून गेलं, तेव्हापासून ती अशी. ती म्हणाली, “छे हो. मला आवडतं. कुणाला क्रिकेट आवडतं, तसं.” आणि मांजरीला म्हणाली, “हो की नाही गं?”

परतताना रिक्षात स्नेहल म्हणाली, “किती गोड आहेत ना सिस्टर? तो पंखा बघितलास?” आता काय करायचं सांगा. माणूस एकदा आवडला की त्याच्या पंख्यावरची धूळसुद्धा गोड. माझ्या घरी टाइल्सच्या भेगा मी ब्रशनं घासते, त्याबद्दल पोरीनं कधी चकार शब्द काढला नाही.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव, एकीकडे डीजे, दुसरीकडे मटणाची पातेली. धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी आमची म्हातारी, पाटाशेजारी बसून डीजेवर मात करत होती. पहिली हळद आईची. मी आंब्याची पानं घेतली, पानाचं टोक हळदीत बुडवलं आणि स्नेहलच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, गालांना लावलं. पानानं लावायची पद्धत आहे, मी काही वावगं केलं नाही. पण सुरुवात पानानं करून मग सगळ्या बायका हातावर येतात. मी पानावरच थांबले. सोमवारपासून ड्युटी होती.

नणंद ओरडलीच. “वयनी, पानानी काय लावतंस गो? हातानी लाव ना पोरीला! ती काय देव हाय?”

“माझं झालं,” म्हटलं आणि पान हातात घेऊनच बाजूला उभी राहिले.

तेवढ्यात हॉस्पिटलची गँग आली. पुढे ती. साधी सुती साडी, हातात बांगडी नाही, नेहमीसारखीच. पाटावरून स्नेहल तिला बघून अशी फुलली की मला नजर वळवावी लागली. आणि मग त्या पोरीनं भुवया उंचावल्या.

“हात?”

मांडवातली निम्मी मंडळी हसली. बाईंनी निमूटपणे दोन्ही तळवे पुढे केले. स्नेहलनं ते उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, “पास.” तशी ती खाली बसली, पदर खोचला, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत परातीत खुपसले. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती बिनलग्नाची, सवाष्णींच्या हळदीत तिचा मान नाही, असं एक-दोघी कुजबुजल्याही. तिनं ऐकलं नाही किंवा ऐकून सोडलं. स्नेहलचे हात हातात घेतले आणि चोळायला लागली. “कळवा. मुंब्रा. दिवा.” स्नेहल हसत होती. “कोपर. डोंबिवली, हे तर तुझं सासरच.” स्नेहल हसता हसता रडायला लागली. “ठाकुर्ली,” असं म्हणून तिनं तिच्या एकेका नखावर हळद दाबली. “आणि कल्याण. उतर आता.” मग ओले पिवळे पंजे तिच्या दोन्ही गालांवर ठेवले आणि तसेच ठेवून ती बसून राहिली.

मी पान धरून उभी होते.

ती उठली तेव्हा मी तिला गाठलं. “सिस्टर, सोमवारी ड्युटी ना तुमची? हातांचं काय?”

“रजा टाकलीय,” ती म्हणाली. “रंग उतरेपर्यंत.”

ती रजा घेते हे हॉस्पिटलात कुणी बघितलेलं नव्हतं. तापातसुद्धा ती फोनवरून हात विचारायची. तिनं माझ्या मुलीच्या हळदीसाठी रजा घेतली होती, आणि मी, मुलीची आई, सोमवारची ड्युटी सांभाळायला पान धरलं होतं. इतकी जळले मी तेव्हा की डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, पोरगी सासरी चालली म्हणून.

मी पान फेकलं आणि पाटाशी गेले. परातीत हात घातला. स्नेहल म्हणाली, “आई, राहू दे गं. तुला ड्युटी आहे ना?” टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच माझी काळजी होती, आणि तेच जास्त लागलं. परातीत तळाशी थोडीशी उरली होती. हात, गाल, कपाळ सगळं माखून झालं होतं. तळवे तेवढे कोरे होते, पायांचे. मी तिच्या तळपायांना हळद लावली, खरवडून खरवडून, नखांखाली भरेपर्यंत लावली. तिला गुदगुल्या झाल्या. लहानपणी व्हायच्या तशाच ती पाय मागे ओढत होती.

सोमवारची रजा मीही टाकली.

ड्युटीवर परतले त्या सकाळी ती स्टोअररूमच्या दारात बॅटरी घेऊन उभी होती. तीही त्याच दिवशी रुजू होत होती. “या, इनचार्ज. वॉर्डात शिरायच्या आधी दोघींचे बघू.” आत अंधार केला. आमचे हात शेजारी शेजारी धरले आणि निळा प्रकाश टाकला.

दोघींची नखं चमकत होती, पण तिची कितीतरी जास्त. मनगटाभोवतीसुद्धा तिच्या एक पिवळी कड उरली होती. माझी नुसती नखांच्या कडांना, बारीक, बघावी तर दिसेल न दिसेल अशी. मला दिसत होतं. इतकी वर्षं गठ्ठ्यांवरच्या पट्ट्या बघणारे डोळे आहेत माझे.

ती बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, “तुमची जास्त आहे.”

“माझी?”

“तुमचीच. आई आहात ना, असणारच.”

आणि तिनं बॅटरी बंद केली.

डायरेक्टरसाठी जी बाई एक टिकली हलवायला तयार झाली नाही, ती बॅटरीसमोर माझ्याशी धडधडीत खोटं बोलली. मी अंधारात हात धरून तशीच उभी राहिले. तिच्या जागी मी असते तर खरं सांगितलं असतं, आणि सांगताना मला आनंद झाला असता. म्हणून तेव्हाही जळलेच.